मायचं नाक

मायच्या डोळ्यांवर तिच्याच डोक्याचं फडकं बांधलं होतं. समोर खुर्च्यांवर गावातल्या शंभरेक बायका. बाजूला टेबल, टेबलावर फुलांचा गुच्छ आणि माइक. बाईंनी काडी ओढली, काहीतरी पेटवलं आणि धूर मायच्या नाकाखाली धरला.

"सांगा, हे कोणतं प्लास्टिक?"

मायनं लांब श्वास घेतला. थांबली. पुन्हा घेतला.

"पन्नी," ती म्हणाली.

हॉल हसला. पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत हसला. बाईंच्या हातात चंदनाची उदबत्ती होती.

"नाक गेलं वाटतं तुमचं," बाई माइकवर म्हणाल्या. "जाणारच. त्या घाणीत राहून नाक राहील कसं?"

पुन्हा हशा. मायही हसली. डोळे बांधलेलेच होते. ती हसली म्हणून माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी मागं दाराशी उभी होते, लोकांच्या चपलांजवळ. चंदनाचा वास तिथपर्यंत आला होता. मला कळलं, तिला कसं नाही कळलं? मला वाटलं, एवढ्या बायका बघून गांगरली. खरं सांगायचं तर त्या दिवशी बाईंचा राग मला नंतर आला. आधी मायचा आला.

गावाचं नाव मी सांगत नाही. जळगाव-धुळ्याच्या पट्ट्यातलं तालुक्याचं गाव, एवढं पुरे. नाव घेतलं की बदनामीची ओरड होते, आणि असे ढीग सगळ्याच गावांबाहेर आहेत. गावभरचा कचरा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून यायचा आणि आमच्या वस्तीमागं ओतला जायचा. ढिगाखाली कोणाची वस्ती असते, ते मी वेगळं सांगायला नको.

कार्यक्रमाला आम्ही पाच जणी गेलो होतो. माय, मी आणि वस्तीतल्या तिघी. 'कचरा निवडा, गाव वाचवा' असा फलक होता. गावातल्या बायकांच्या मंडळाचा कार्यक्रम, आणि मंडळाच्या अध्यक्ष त्या बाई. गावात सगळे त्यांना बाईच म्हणत. त्यांनी नगरपालिकेच्या इन्स्पेक्टरकडून ऐकलं होतं की ढिगावर एक म्हातारी आहे, ती डोळे मिटून प्लास्टिक ओळखते. म्हणून आम्हाला बोलावणं आलं. माय तेव्हा पंचेचाळिशीचीही नव्हती. पण ढिगावरची बाई म्हटली की म्हातारीच. माइक चालू असला की बाई आम्हाला 'तुम्ही' म्हणत होत्या. माइक बंद झाला की 'तू'.

उदबत्तीच्या आधी सगळं नीट चाललं होतं. बाई एकेक तुकडा हातात देत होत्या आणि माय सांगत होती. कानाजवळ चुरगाळून म्हणाली, दुधाची पिशवी. नखानं ओरखडा काढून म्हणाली, बादली. बोटानं टिचकी मारून म्हणाली, नळाचा पाइप. टाळ्या पडत होत्या. मग बाईंना गंमत सुचली.

बसायला आम्हाला चटई अंथरली होती. नवी कोरी, लाल-हिरव्या पट्ट्यांची, जळगावच्या कारखान्यातली. "माझ्या घरची आहे गं, पाय पुसून बस," असं बाई मायला म्हणाल्या होत्या. चौघी तिच्यावर मावल्या, मी दाराशी राहिले. मायनं बसता बसता चटईवरून हात फिरवला आणि माझ्याकडं बघून हळूच म्हणाली, "हाई आपली शे."

तिला म्हणायचं होतं, आपण वेचलेल्या पन्नीची. ते खरंच होतं. पन्नी म्हणजे पातळ पिशव्या. त्या आम्ही ढिगातून वेचायच्या, धुऊन वाळवायच्या, निवडून गोण्या भरायच्या. गोण्या भंगारवाल्या चाचांच्या गोदामात जायच्या, तिथून जळगावला. तिथं पन्नी वितळवून तिचा दाणा पाडायचे आणि दाण्याची चटई विणायचे. अख्ख्या गावानं फेकलेलं आमच्या हातातून जायचं आणि गावाच्या घरात परत यायचं. ते बघून मायला अभिमान वाटायचा. मला नाही वाटायचा. हात आमचे, चटई त्यांची.

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रॉली आली. ढीग ओतला गेला आणि सगळ्यात वर ती चटई पडली. गुंडाळलेली, सुतळीनं बांधलेली. एकदाच अंथरलेली. आमच्यातल्या चौघी तिच्यावर बसल्या होत्या, एवढाच तिचा दोष.

माय खूश झाली. "चांगली शे. घर लई चाल."

मी उचलली. घरी नेली नाही. खांद्यावर टाकली आणि तशीच बाईंच्या कॉलनीत गेले. बाई फाटकाजवळ झाडांना पाणी घालत होत्या.

"तुमची चटई कचऱ्यात आली," मी म्हटलं.

"टाकलीय ती. तुम्हालाच राहू दे."

"फाटलीय का?"

बाईंनी नळी दुसऱ्या झाडाकडं वळवली.

"मग कशाला टाकली?"

पाण्याची नळी त्यांच्या हातात तशीच वाहत राहिली. मी सुतळी सोडली आणि त्यांच्या फाटकात चटई अंथरली. कडा ओढून सरळ केली. म्हटलं, "हिची पन्नी आम्ही वेचलीय. आम्ही बसल्यानं ही बाटत असेल तर तुमच्या घरातलं असलं काहीच वापरू नका. बादली नको, चप्पल नको, हातातली ती नळीही नको. सगळ्याला आमचे हात लागलेत."

"मान दिला तर डोक्यावर बसायला लागलात," बाई म्हणाल्या.

मी मागं वळले.  सतरा वर्षांची होते, आणि आयुष्यात पहिल्यांदा वरच्या माणसाला उलट बोलले होते. वस्तीपर्यंतच्या वाटेवर मला फार बरं वाटत होतं. तेवढ्याच वाटेपुरतं.

आठवडा झाला नसेल, ढिगाभोवती तारेचं कुंपण उभं राहिलं. खांबाला पाटी लावली. 'सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने कचरा वेचण्यास सक्त मनाई.' सोबत काठीवाला शिपाई. इन्स्पेक्टर स्वतः येऊन सांगून गेला, तुमच्यामुळे गावात रोगराई पसरते अशी तक्रार आहे. तक्रार कोणाची, ते त्यानं सांगितलं नाही. आम्ही विचारलंही नाही.

वस्तीतल्या बायका माझ्याशी बोलेनाशा झाल्या. एक जण घरात येऊन तोंडावर म्हणाली, "तुना तोंडमुळे बठ्ठास्ना पोटवर पाय उना." सगळ्यांच्याच पोटावर आला होता, ते खरं. मायनं तिला चहा दिला आणि माझी बाजू घेतली नाही. मला ते फार लागलं.

इथं ढिगाबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. लोकांना वाटायचं आम्ही ढिगावर जगतो. खरं म्हणजे ढीग आमच्यामुळे बसका होता. ट्रॉलीतून जे यायचं त्यातलं काच, लोखंड, कागद, हाडकं, पन्नी, चिंध्या, सगळं आम्ही काढून घ्यायचो. मागं उरायचा फक्त कुजणारा माल. भाजीचे देठ, केळीची पानं, राख, शेण. तो पावसाळ्यात कुजून काळा व्हायचा आणि उन्हाळ्यात शेतकरी बैलगाड्या घेऊन यायचे, केळीच्या बागांसाठी भरून न्यायचे. वर्षभर चढायचं आणि उन्हाळ्यात उतरायचं. ढिगाच्या कडेला एक जुनी बाभूळ होती. मी लहानपणापासून बघत होते, ढीग तिच्या गुडघ्याच्या वर कधी गेला नव्हता. बाभळीचा गुडघा म्हणजे खोडावरची एक मोठी गाठ. आम्ही पोरी तिला तेच म्हणायचो.

कुंपण झाल्यावर पहिल्याच महिन्यात ती गाठ बुडाली.

त्या उन्हाळ्यातही बैलगाड्या आल्या. नेहमीचे एक आबा होते, ढिगाचं खत नेऊन त्यांची बाग उभी राहिली होती. ते गाडीतून उतरले, फावडं मारलं, आणि फावड्यावर मातीपेक्षा पन्नीच जास्त आली. दुसरीकडं मारलं, तेच. त्यांनी फावडं झटकलं आणि म्हणाले, "हाई बागमा टाकी तर मुळास्ले पानी भेटाव नही." गाडी रिकामी परत गेली. मग दुसरी गेली. त्यानंतर गाड्या आल्याच नाहीत.

म्हणजे वरून रोज येत होतं आणि खालून काहीच जात नव्हतं. शिपाई काठी घेऊन बसला होता. आम्ही कुंपणाबाहेरून बघत होतो. ढीग बाभळीच्या पहिल्या फांदीला लागला. मग त्याचा पायथा कुंपणाची तार वाकवून आमच्याकडं सरकला. आमच्या घराची मागची भिंत पत्र्याची होती. एका सकाळी मी पत्र्याला हात लावला तर तो पलीकडून दाबलेला होता. दोन बोटं मागं ढकलून बघितला. हलला नाही.

कुत्री पूर्वी ढिगावर झोपायची. ती खाली उतरून रस्त्यावर झोपायला लागली.

आता मायच्या नाकाचं. ढीग आतून तापतो, हे बाहेरच्यांना माहीत नसतं. वरून थंड दिसतो आणि पोटात जळत असतो. म्हणून पूर्वी रोज सकाळी चढायच्या आधी माय पायथ्याशी उभी राहायची. वाऱ्याकडं तोंड करायची, डोळे मिटायची, श्वास घ्यायची आणि हात करून सांगायची, "आज तथा पाय ठेवू नका." तिकडं कोणी जायचं नाही. वस्तीत कोणाचाही पाय भाजला नव्हता, तो मायच्या नाकामुळे. चाचा इतर सगळ्यांच्या गोण्या ओतून बघायचे, मायची गोणी उघडायचे नाहीत. पन्नीत पाइपचा एक तुकडा राहिला तरी अख्खा दाणा काळा पडतो, आणि मायच्या गोणीत तो कधी राहायचा नाही. कुठला तुकडा कळेना तर ती त्याचं टोक पेटवून हुंगायची. चाचा म्हणायचे, "तुझ्या अम्मीचं नाक म्हणजे माझा तराजू, बेटा." वस्तीत मायला जी काही किंमत होती, ती त्या नाकाची होती.

बंदीतही ती रोज कुंपणाशी जाऊन उभी राहायची. सगळी वस्ती तिच्याकडं बघायची, कारण ढीग आता घरांच्या पाठीला टेकला होता. माय श्वास घ्यायची आणि म्हणायची, "शांत शे." लोक मिळेल त्या मजुरीला जायचे.

मे महिना होता. सकाळची वेळ. मी बाहेर भांडी घासत होते आणि माय चुलीशी बसली होती. करपल्याचा वास आला. मला वाटलं, शेजारी. वास वाढला. मी आत गेले. तव्यावर भाकर काळी ठिक्कर पडली होती, धूर निघत होता, आणि माय हातभर अंतरावर पाठ करून बसली होती. तांदूळ निवडत होती, शांतपणे.

मी तवा उतरवला. ती दचकली. माझ्याकडं बघितलं, तव्याकडं बघितलं, आणि तिचा चेहरा उतरला. मला चंदनाची उदबत्ती आठवली. 

"माय, तुले वास येस का?"

ती उठली आणि दार लोटून आली. मग म्हणाली, "दोन वरीस व्हयनात. कोनले सांगू नको."

दोन वर्षं. पाइप जळला की झोंबतो, डोळ्यांत पाणी येतं, तेवढं तिला कळत होतं. बाकी ती कानानं आणि नखानं भागवत होती. आणि ढिगाचं? ढिगाचं ती दवावरून सांगत होती. जिथं आतून तापलंय तिथलं दव आधी वाळतं. डोळे मिटल्यासारखं करायची आणि पापणीआडून दव बघायची.

"उन्हायामा दव कोठे पडस, माय?" मी विचारलं.

तिनं करपलेली भाकर तव्यावरून खरवडायला घेतली. म्हणजे होळीपासून ती अंदाजानं 'शांत शे' म्हणत होती, आणि आम्ही ऐंशी-नव्वद माणसं तिच्या अंदाजावर झोपत होतो.

तिचा राग यायला हवा होता. आला नाही. नाक गेलं हे सांगितलं असतं तर तिच्याकडं काय राहिलं असतं? तिला कोणी विचारलं नसतं. ते नाक ज्या ढिगानं खाल्लं, त्याच ढिगावर नाकवाली म्हणून ती उभी होती. आणि बाईंनी तिचं नेमकं तेच चव्हाट्यावर मांडून गावाला हसवलं होतं. त्या हॉलमध्ये ती का हसली, ते मला त्या सकाळी कळलं. लपवण्यासाठी हसली होती.

मी कुंपणाशी गेले. मायसारखी उभी राहिले, वाऱ्याकडं तोंड करून. आधी नेहमीचा कुबट वास. त्याच्या खाली कुजलेल्या फळांचा गोडसर वास. आणि त्याच्याही खाली, फार खोल, विझल्या मेणबत्तीचा वास. पन्नी जळते तेव्हा तसा येतो. धूर कुठंच दिसत नव्हता. मी घरामागं जाऊन पत्र्याला हात लावला. ऊन अजून तिकडं पोहोचलं नव्हतं आणि पत्रा गरम होता.

मी इन्स्पेक्टरच्या ऑफिसात गेले. त्यानं मला दारातच थांबवलं. नाकाला रुमाल लावला, बोलताना काढला नाही.

"साहेब, ढीग खालून पेटलाय. आमच्या बाजूला."

"धूर दिसतोय?"

"नाही."

"मग तुला कसं कळलं?"

"वासानं."

रुमालाआडून तो हसला. शेजारच्या टेबलावरचा कारकूनही हसला. "कचऱ्याला वास येणारच की," इन्स्पेक्टर म्हणाला. "आणि तुला काय, कुंपण काढून पाहिजे. कळतं आम्हाला."

मी तिथं अर्धा तास उभी होते. तो दुसरी कामं करत राहिला. शिपायानं मला बाहेर काढलं नाही, फक्त माझ्या बाजूनं केर काढायला लागला. मी निघाले.

वस्तीत आले आणि घरोघर सांगायला लागले. कोणी ऐकेना. मी ती तोंडाळ पोर, जिच्यामुळे काम गेलं. एक जण म्हणाली, "तुनी माय सांगस शांत शे, आनि तू कोन?" बरोबर होतं तिचं. तिचा विश्वास मायच्या नाकावर होता. मी घरात जाऊन मायसमोर उभी राहिले.  खरं सांग, असं तिला म्हणायची माझी हिंमत नव्हती.

ती माझ्याकडं बघत राहिली. मग उठली, पदर खोचला, वस्तीच्या मधल्या हापशाजवळ गेली. पाणी भरायला बायका जमल्या होत्या. बाप्ये कामाला निघत होते. मायनं आवाज चढवला नाही.

"मनं नाक मरी गयं. दोन वरीस व्हयनात. मी खोटं बोलनू. पोरनं आयका. खाले जयी ऱ्हायनं. बठ्ठा निंघा."

हापसा थांबला. कोणीतरी म्हणालं, "काय बोली ऱ्हायनी, अक्का?" माय पुन्हा तेच बोलली, शब्द न् शब्द तोच. मी तिच्या शेजारी उभी होते आणि मला रडू येत होतं. हॉलमध्ये तिचे डोळे बांधून गावानं जे हिसकावलं, ते ती इथं उघड्या डोळ्यांनी स्वतःच्या हातानं देत होती.

लोक निघाले. शिव्या देत निघाले, पण निघाले. पोरं, म्हाताऱ्या, गोधड्या, डबे, कोंबड्या, सगळं रस्त्यापलीकडच्या मोकळ्या मैदानात. दुपार झाली. ऊन असं की जमिनीकडं बघवेना. काहीच झालं नाही. बाप्ये माझ्याकडं बघायला लागले. मला वाटलं, आता मीही खोटी पडणार.

मग ढिगाची आमच्या बाजूची कड खाली बसली. मोठा आवाजही झाला नाही. खचली, पुढं आली, घरांच्या मागच्या भिंती तिनं हळूच आत ढकलल्या. वरचं कवच फाटलं तसं आत लाल दिसलं. वारा लागला आणि ते लाल उभं राहिलं. आठ घरं गेली. आमचं पहिलं.

माय माझ्या शेजारी नव्हती. आमची शेळी वस्तीतच बांधलेली राहिली होती, ती सोडायला गेली होती. घरांच्या मधून एक करडा पट्टा पुढं सरकला होता. वरून राख, खाली निखारे. नाकवालं कोणीही तिथून मागं फिरलं असतं. तिला फक्त राख दिसली. शेळी सुटून पळत आली. मायचा एक पाय गुडघ्यापर्यंत आत गेला.

धुळ्याच्या मोठ्या दवाखान्यात ती दोन महिने होती. पाय वाचला, पण वाळून गेला. काठीशिवाय तिला आजही उभं राहता येत नाही.

ढीग तीन आठवडे जळला. पाणी मारलं तर आणखी धूर व्हायचा. वारा फिरला आणि तो धूर गावात गेला. सुट्टीतली पोरं घरात कोंडली गेली. कॉलनीतल्या खिडक्या बंद झाल्या. लोक रात्रंदिवस खोकायला लागले. जे आम्ही रोज काढून नेत होतो, तेच काळं होऊन त्यांच्या छातीत जात होतं. ट्रॉलीवाला ढिगाकडं यायला तयार होईना, म्हणून कचरा कॉलनीच्या कोपऱ्याकोपऱ्यावर साचला. तेव्हा गावाला आमची आठवण झाली.

जीप आली. इन्स्पेक्टर आणि बाई. आम्ही मैदानात ताडपत्र्या बांधून राहत होतो. सोबतच्या माणसानं जीपमधून चटई काढली आणि अंथरली. तीच होती का तसली दुसरी, मला माहीत नाही. बाई म्हणाल्या, "बसा ना." माइक नव्हता, तरी 'तुम्ही' म्हणाल्या.

मी बसले नाही. मी बसले नाही म्हणून कोणीच बसलं नाही.

इन्स्पेक्टर बोलला. कुंपण काढतो, ओळखपत्रं देतो, हातमोजे देतो. तुम्ही होतात तेव्हा ढीग आटोक्यात होता, हे नगरपालिकेच्या मोठ्या साहेबांच्याही लक्षात आलंय. उद्यापासून चढा.

"चढणार नाही," मी म्हटलं.

"म्हणजे?"

"ढिगावर आता आमच्यातलं कोणी चढणार नाही. आम्ही तुमच्या दाराशी येऊ. ओलं वेगळं ठेवा, कोरडं वेगळं ठेवा. कोरडं आम्ही नेऊ, ओलं शेतकरी नेतील. ढिगाला काही उरायलाच नको. मिसळलेलं असेल तर हात लावणार नाही."

इन्स्पेक्टरनं बाईंकडं बघितलं. बाईंना पहिल्यांदा खरंच धक्का बसलेला दिसला.

"म्हणजे आम्ही कचऱ्यात हात घालायचा?" त्या म्हणाल्या.

"हो. तुमचाच आहे तो."

जीप परत गेली. चटई तिथंच राहिली, आम्ही तिला शिवलो नाही. वस्तीतले बाप्ये माझ्यावर चिडले होते, मिळत असलेलं काम घालवलंस म्हणाले. त्या रात्री कितीतरी चुली थंड होत्या, हे मी विसरलेले नाही. पण सकाळी एकही बाई ढिगाकडं गेली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. बाराव्या दिवशी निरोप आला की, या.

याला आता काही वर्षं झाली. आम्ही चौदा जणी हातगाड्या घेऊन गल्लोगल्ली फिरतो. सगळे नीट वेगळं देतात असं नाही. निम्मे देतात. उरलेल्यांसाठी मी एक नियम केला. मिसळलेलं आलं तर ते तिथंच, त्यांच्या पायरीवर ओतायचं. पहिल्यांदा ओतलं ते बाईंच्या. भाजीचे देठ, दुधाच्या पिशव्या, फुटका कप, शिळा भात.

बाई पदर नाकाला लावून बाहेर आल्या. "अगं, वास येतोय," त्या म्हणाल्या.

"येतो ना?" मी म्हटलं. "मग तुमचं नाक अजून शाबूत आहे. निवडा."

मी तिथंच उभी राहिले. त्यांनी निवडलं. वेळ लागला, पण निवडलं.

जुना ढीग तिथंच आहे. बाभूळ मेली, तिचा काळा शेंडा तेवढा वर दिसतो. वरून माती टाकलीय, गवत आलंय, उन्हाळ्यात कुठून तरी धुराची दोरी निघते. पोटातलं अजून विझलेलं नाही. मी रोज सकाळी गाडी घेऊन निघायच्या आधी तिथं जाऊन उभी राहते, वाऱ्याकडं तोंड करून. मागं माय काठी टेकून उभी असते आणि विचारते, "काय सांगस?" मी सांगते. हल्ली एखाद्या दिवशी मला दोनदा श्वास घ्यावा लागतो. ते मी तिलाही सांगते.

जोवर मला वास येतो, तोवर मिसळलेली एकही पन्नी मी या ढिगावर चढू देणार नाही. ज्यानं मिसळली, त्याच्या पायरीवर ती परत जाईल. आणि ज्या दिवशी वास येईनासा होईल, त्या दिवशी मी गावाच्या मधोमध उभी राहून सांगेन की माझं नाक तुम्ही खाल्लं. दोन वर्षं लपवणार नाही. हसणार तर नाहीच.